भिंतीपलीकडचं दार

“तिथून नको, सरपंचबाई. ती भिंत आहे,” म्हातारे तिएबो म्हणाले.

ओदिलला समोर नुसतं गवत दिसत होतं. पहिल्या महायुद्धात तोफांनी हे फ्रेंच खेडं मातीत कालवलं. माती इतकी विषारी झाली की पुन्हा कुणी वसलंच नाही. तरी गावाची आठवण राहावी म्हणून त्याला सरपंच मात्र असतोच. आजवर तिएबो होते, आता ओदिल. काम एवढंच, रानातल्या जुन्या गल्ल्यांचं गवत कापायचं आणि घरांच्या जागी लावलेल्या पाट्या पुसायच्या. बेकरी. शाळा. लोहार.

बेकरीच्या पाटीला वळसा घालून तिएबो थांबले. त्यांनी गवतावर बूट पुसले आणि मगच पाऊल आत टाकलं. “दार इकडे आहे.”

“मला काही दिसत नाही हो!” हसू दाबत ओदिल सरळ भिंतीतून चालत गेली.

“होईल सवय.”

हिवाळ्यात तिएबो वारले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावाने फुलं घेऊन ती एकटीच गावाच्या स्मारकाकडे निघाली. ताज्या बर्फाखाली गल्ल्या बुजून गेल्या होत्या, त्यामुळे ती रान तुडवत नाकासमोर चालत राहिली. निदान तिला तसं वाटलं. फुलं ठेवून ती मागे वळली.

बर्फावर फक्त तिचीच पावलं होती. ती प्रत्येक घराला वळसा घालत, गल्लीगल्लीतून आली होती. बेकरीपाशी तर ती दाराकडे वळली होती, आणि तिथला बर्फ बूट पुसल्यासारखा घासलेला होता.