राखून ठेवलेली उंडी

जवळ सरका मायबापहो, धामापूरच्या रानातली एक गोष्ट सांगतो. एकोणीसशे सत्तावन्न साली मुंबईचे फोटोग्राफर विनायकराव तिथे फोटोसाठी एका झाडाच्या शोधात भटकत होते. लोक हौसेने सरळसोट साग दाखवत. रावांना हवं होतं वळणाचं, वारा सोसलेलं झाड. अखेर होड्या बांधणारे म्हातारे सगुण मेस्त त्यांना तळ्यापलीकडे घेऊन गेले. तिथे उंडीचं एक झाड धनुष्यासारखं वाकून उभं होतं. राव हरखले.

"मेस्तानु, ही तुम्हाला सापडली कधी?"

"ती हरवली खंय होती? वीस वर्सां राखून ठेवलंय. होडयेच्या बरगडयेक असोच वाक लागता. माझो झील पयली होडी बांधतलो तेव्हा तोडूची, असां ठरलेलां."

"मग? मुलाने बांधली का होडी?"

"झील गेलो मुंबयक. सात वर्सां पत्र नाय."

फोटो काढून झाला. मेस्त हळूच म्हणाले, "एक फोटो त्येका पोचवा. उंडी अजून उभी आसा म्हणान सांगा."

"पत्ता?"

"पत्तो माका खंय ठावक? झाड हुडकूक तुमी इतक्या लांब इलास; माणूस तर तुमच्याच मुंबयत आसा."

मायबापहो, तो फोटो अजून पोचलेला नाही; मुंबईत कुणी मालवणी सुतार भेटला, तर त्याच्यापाशी सगुण मेस्तांची आठवण नक्की काढा.