चौकटीवरच्या रेघा

विनिपेगमधलं आईचं घर विकायला काढलं होतं. रंग द्यायचा म्हणून ड्वेनने स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवरची धूळ झटकली. दर वाढदिवसाला आई तिथे पेन्सिलीने त्याची उंची आखून शेजारी वय लिहायची.

सहाव्या वाढदिवसाची रेघ पाचव्याच्या रेघेपेक्षा चांगली वीतभर खाली होती.

"लोर्ना, हे बघ! पोरगं कधी उलटं वाढतं का?"

थोरल्या बहिणीचा ब्रश थांबला नाही. "रंग फास त्यावर."

"आईचा हात चुकला असेल, हो ना? पाचव्या वाढदिवसाचा घोड्याचा केक मला लख्ख आठवतो."

"तुला नाही आठवत. मीच सांगत आलेय तुला. त्या केकवरच्या मेणबत्त्या तू नाही विझवल्यास."

"मग मी कोण गं?" ड्वेन रडकुंडीला आला. "सांग ना!"

लोर्नाने पाचव्या वाढदिवसाच्या रेघेवर हलकेच तळवा ठेवला, पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"हळू बोल," ती म्हणाली. "तो ऐकतोय."