खिडकीखालची जागा

गरम पाण्याचा हीट पंप घ्यायचा म्हणून धाकटा सकाळपासून दुकानात ठाण मांडून बसला होता. कुठल्या कंपनीचा विजेचं बिल कमी आणतो, कुणाची टाकी जास्त टिकते, असल्या फालतू गोष्टींत त्याला रस नव्हता. बाहेर बसवायच्या यंत्राचा आवाज किती, एवढंच तो खोदून खोदून विचारत होता.

"हा घ्या. उशाशी ठेवलात तरी झोपमोड व्हायची नाही," दुकानदार म्हणाला.

"आणि सगळ्यात मोठा आवाज कुणाचा?"

दुकानदाराने नाइलाजाने कोपऱ्यातला एक चालू करून दाखवला. भरलेला ट्रक चढावर अडकावा तसा तो घुरघुरला. धाकट्याचा चेहरा उजळला.

वाटणीनंतर घराची दोन घरं झाली होती आणि अंगण तेवढं सामाईक राहिलं होतं. त्या अंगणातली दादाच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखालची जागा धाकट्याने केव्हाच मापून ठेवली होती. यंत्राला मोकळी हवा लागते, त्याला हा बिचारा तरी काय करणार!

"हाच द्या बांधून."

"याला म्हणतात एका आईची लेकरं!" दुकानदार कौतुकाने म्हणाला. "तुमचे दादा कालच हाच घेऊन गेले. त्यांनीही दुसरं काही विचारलं नाही हो, फक्त आवाज तेवढा दोनदा ऐकला."