सहा तासांचा थांबा

"सरळ येणारं विमान आहे ना? नऊ तासांत पोचशील. त्यानेच ये," ते फोनवर मुलीला म्हणाले.

"नको बाबा. मी दुसरं घेतलंय. मधल्या विमानतळावर सहा तास थांबायचं आणि पुढे यायचं."

"म्हणजे सतरा तास? अगं, यायचंय तिथंच ना?"

"तेच बरं पडतंय. आई कशी आहे?"

"झोपलीय," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

बायको पहाटे गेली होती. ते तिचे धुतलेले कपडे आणायला हॉस्पिटलमधून घरी आले होते, परत जाईपर्यंत पलंग रिकामा. मुलगी परक्या मुलखात एकटी. तिला हे कळायचं ते आपल्याच तोंडून, आपण शेजारी असताना, एवढंच त्यांनी ठरवलं. नातेवाइकांनाही तशी ताकीद दिली.

"दादा, आई अत्यवस्थ म्हणून सांगितलंस ना तिला?" बहिणीने विचारलं. "तरी ही थांबत थांबत येणार?"

"तिकीट स्वस्त पडत असेल."

"तुझीच लेक. किलोभर बटाट्यांसाठी अख्खा बाजार पालथा घालणारा तू."

त्यांना हसू आलं. मग हसल्याची लाज वाटली.

विमानात असेपर्यंत काळजी नव्हती, तिथे फोन बंद. धास्ती होती ती त्या सहा तासांची. 'आईला फोन द्या' म्हणाली तर? औषधाची गुंगी आहे, असं सांगायचं. आवाज कापू नये म्हणून त्यांनी ते वाक्य स्वयंपाकघरात दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

विमान मधे उतरलं असेल तेव्हापासून ते फोनसमोर बसून राहिले. बहिणीने दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकून ठेवलं.

फोन आलाच नाही.

सहा तास उलटले तसा त्यांचा जीव भांड्यात पडला. पण मनात काहीतरी खुपलंही. आई मरणाच्या दारात आहे असं समजतेय पोरगी, आणि साधी चौकशीसुद्धा नाही?

ती विमानतळाच्या दारातून बाहेर आली तेव्हा तिचं तोंड नुकतं धुतलेलं होतं. केस घट्ट बांधलेले. डोळे सुजले होते. प्रवासात झोप झाली नसेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी तिची बॅग घेतली आणि तिला बाकाकडे नेलं.

"बाळा, आधी जरा बस. तुला एक सांगायचंय..."

ती बसली नाही. तिने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"माहितीये, बाबा. तुमचा फोन लागेना म्हणून हॉस्पिटलने पहिल्यांदा मलाच कळवलं."

ते स्वतःच बाकावर बसले. त्यांनी विचारलं, "मग सरळ का नाही आलीस?"

"इथे तुमच्यासमोर रडायचं नव्हतं. तिथे सहा तास मिळाले."