पाचव्या वर्षाची तारीख

कॅन्सरचे उपचार संपले, तरी शिवणकाम करणाऱ्या मावशींचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. दिवसातून दहादा हात मानेकडे जायचा, पुन्हा गाठ तर नाही ना म्हणून चाचपायला. नवं काम त्या घेतच नव्हत्या. उगाच कुणाचं कापड आपल्यामागे अर्धवट राहायला नको.

तपासणीला गेल्या, तर सिस्टरनी तारखांचा कागदच पुढे केला. आधी दर तीन महिन्यांनी, मग सहा, मग वर्षाने.

"उपचार संपले म्हणालात ना? मग हे पाच वर्षांचं शेपूट कशाला?" मावशी उखडल्या.

"पाचव्या वर्षाची शेवटची तारीख सोमवारी येतेय. जमेल ना?" सिस्टरनी मान वर न करता विचारलं.

"सोमवारी दुकान बंदच असतं," मावशी बोलून गेल्या आणि कागदावरचं पाच वर्षांनंतरचं साल पुन्हा वाचू लागल्या.

संध्याकाळी शेजारीण लेकीला आणि तिच्या फ्रॉकचं कापड घेऊन बिचकतच आली. मावशींचा हात सवयीने मानेकडे गेला आणि गळ्यातली टेप काढून खाली आला.

"खाली चार बोटं कापड जास्तीचं दुमडून ठेवते," पोरीची उंची मोजत त्या म्हणाल्या. "दोन वर्षांनी आण, उसवून लांब करून देईन."