खाचेतला दांडा

बाल्कनीच्या सरकत्या काचेच्या दाराचं लॉक तुटलं, तेव्हा मिस्त्रीने हात वर केले. "आजोबा, हा पार्ट आता कुठेच मिळत नाही." मग आजोबांनी जुन्या झाडूचा दांडा मापात कापला आणि आजीकडून रोज घोकून घेतलं: मी घरात नसलो की दांडा दाराच्या खाचेत आडवा टाकायचा, अनोळखी माणसाला उघडायचं नाही. पोटच्या पोरांची नावं विसरलेल्या आजीला एवढं मात्र तोंडपाठ झालं.

आज आजोबा कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेले आणि मागे दांडा खट्कन पडला. त्यांनी काचेवर टकटक केली, हाका मारल्या. आजी जवळ आली, त्यांना नीट न्याहाळलं आणि आदबीने म्हणाली,



"हे घरी नाहीत. ते आले की या."