एकाच ताटातले

घरातल्या धाकट्या पोराचा पाय अचानक लुळा पडला होता. पोलिओ देशातून कधीच गेला. तरी असं पोर सापडलं की शी तपासायला पाठवायचीच. त्यासाठी कालिंदी सिस्टरांचे तीन हेलपाटे झाले होते. आज एकदाची डबी मिळाली. धाकट्याचं नाव लिहून त्यांनी ती बर्फाच्या पेटीत ठेवली.

“थोरल्याची दिलीय,” आई ओशाळून म्हणाली. “धाकट्याला होईचना. तुम्हाला सारखं रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?”

सिस्टरांनी कपाळावर हात मारला.

“काय फरक पडतो हो? दोघं एकाच ताटात तर जेवतात.”

पोलिओ पसरतो तो असाच, हाताला-अन्नाला लागून तोंडावाटे; थोरल्याच्या पोटातही असू शकतो. त्यांनी डबी काढली, नाव खोडून थोरल्याचं लिहिलं आणि परत पेटीत ठेवली.

“धाकट्याची उद्या न्यायला येते,” त्या म्हणाल्या. “आणि त्या ताटात अजून कोण जेवतं?”